मागे घेतलेला निबंध

निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी माझा उल्लेख ‘संशोधक’ असा केला. गळ्यात हार, हातात नारळ आणि समोर भरलेलं सभागृह, अशा अवस्थेत माणसाला कुणावर खेकसता येत नाही. घरी येऊन हार खुंटीला अडकवला आणि बायकोवर खेकसलो. तिची काहीच चूक नव्हती.

तीस वर्षं मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला लंबक, भिंगं आणि तापमापी शिकवली. याला संशोधन म्हणत नाहीत. हल्लीहल्ली एखादा विद्यार्थी तास संपल्यावर टेबलाशी येऊन उभा राहायचा. आकाशात म्हणे न दिसणारा पदार्थ आहे, ताऱ्यांच्या थव्यांना तो ओढतो, हे खरं का सर, असं विचारायचा. कुठल्या तरी मासिकात वाचलेलं असायचं. मी त्याला सांगायचो, आधी व्हर्नियरपट्टी नीट वाचायला शीक. तो हिरमुसून जायचा आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. न दिसणाऱ्या पदार्थाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, कारण तसला एक पदार्थ मलाही सापडला होता. तो छापूनही आला होता. पुढे काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. मी मुंबईला एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा प्रयोगसहायक होतो. आमच्या विषयात तेव्हा एक भांडण जोरात होतं. विजेचा भार दिलेलं यंत्र कितीही जाड डब्यात बंद केलं तरी त्याचा भार हळूहळू गळून जातो. म्हणजे कसले तरी न दिसणारे किरण धातूचा पत्रा भेदून आत शिरतात आणि आतल्या हवेतून भार वाहून नेतात. हे किरण जमिनीतून येतात की आकाशातून, यावर मोठमोठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. कुणी यंत्र फुग्यातून वर नेत होतं, कुणी डोंगरावरच्या तळ्यात बुडवत होतं. आमच्याकडे ना फुगा होता, ना तसलं तळं. माझ्याकडे बोगदा होता.

हा बोगदा आमच्या गावाजवळचा. गाव जोयड्याच्या डोंगरात, कॅसलरॉक स्टेशनात उतरून दोन तास चाललं की लागायचं. मँगनीज मिळेल म्हणून कुण्या खाणवाल्यांनी तिथे डोंगराच्या पोटात आडवा बोगदा खणला होता आणि काहीच हाती न लागल्यावर तो तसाच सोडून ते निघून गेले होते. आत जावं तसतसा डोक्यावरचा डोंगर उंच होत जाई. किरण वरून येत असतील तर आत जाताना ते कमी व्हायला हवेत. जमिनीतून येत असतील तर व्हायला नकोत. इतकं ते सरळ होतं.

आमचे प्राध्यापक विलायतेत शिकून आलेले. ते मला ‘जंगलवाले’ म्हणायचे, चहाच्या टेबलावर चार लोकांत म्हणायचे, आणि मीही हसायचो. मला ते हसणं अजून आठवतं आणि अजून राग येतो. पण बोगद्याची कल्पना त्यांना पटली. त्यांनी यंत्र दिलं, दोन हिवाळ्यांची रजा दिली आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत ते एका माणसाला पाठवू शकत होते. माझा निबंध चांगला झाला तर तो माणूस मी. नाही तर लंबक आहेतच.

कॅसलरॉक हे पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीवरचं स्टेशन. तिथे उतरलो तेव्हा जकातीच्या कारकुनानं यंत्राची पेटी उघडायला लावली. मी गोव्याहून नव्हे, लोंढ्याहून आलो होतो, हे त्याला चांगलं दिसत होतं. त्यानं कळशीएवढा पितळेचा डबा हलवून पाहिला, वास घेतला, आणि दारू नाही म्हणून नाराज झाला. यंत्राच्या आतले धागे केसाहून बारीक होते. तो डबा हलवत होता तेव्हा मी त्याला मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

गावानं माझं स्वागत त्याहून वाईट केलं. आमच्याकडे पूर्वी डोंगरउतारावरचं रान तोडून जाळायचे आणि त्या राखेत नाचणी पेरायचे. त्याला कुमरी म्हणत. जंगलखात्यानं ती बंद केली, रानाला हद्दीचे दगड लावले, आणि तेव्हापासून हातात वही घेऊन फिरणारा माणूस दिसला की गाव दारं लावून घेई. मी तर वही, दुर्बिणीसारखं काही तरी आणि पितळेचा डबा घेऊन आलो होतो. ह्यो आपल्यातलाच, पर खात्याला मिळालाय, असं एक म्हातारा माझ्यासमोरच दुसऱ्याला म्हणाला. मी त्याला किरणांबद्दल समजावून सांगायला गेलो. तो थुंकला आणि उठून गेला. ओझं उचलायला पूर्ण हिवाळाभर मला एक माणूस मिळाला नाही. डबा मीच पाठीवर बांधून न्यायचो.

घरी थोरला भाऊ होता, अण्णा. वडील गेले तेव्हा मी परीक्षेला बसलो होतो, आलो नव्हतो. अण्णानं ते कधी बोलून दाखवलं नाही. त्यानं बोलणंच बंद केलं. घर दोघांचं होतं म्हणून त्यानं मला ओटीवर जागा दिली, आणि वाढलेलं ताट माझ्यासमोर यायचं. ते ताट आणायची वैनी. माझ्याहून वयानं लहान, नात्यानं मोठी. तिचं माहेर अणशीकडचं. नवऱ्यानं बोलणं टाकलं म्हणून तिनंही टाकलं होतं, पण तिला ते जमत नसे. माझ्यावरचा राग ती भांडी आपटून कळवायची आणि पेजेत मीठ कमी आहे का तेही ताट जरा पुढे सरकवून विचारायची.

मी त्यांना काय लेखत होतो तेही सांगून टाकतो. मला ती अडाणी माणसं वाटत होती. मी त्यांच्यातून सुटून गेलो होतो आणि त्यांच्यात परत अडकायचं नव्हतं. जर्मनी मला हवी होती ती विज्ञानासाठी किती आणि या ओटीपासून लांब जायला किती, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

पहिला हिवाळा उत्तम गेला. यंत्रात दोन बारीक धागे असत. त्यांना भार दिला की ते एकमेकांपासून दूर जात आणि भार गळेल तसे जवळ येत. लहानशा काचेतून सूक्ष्मदर्शकानं ते किती वेळात जवळ आले ते मोजायचं. मी आधी अंगणात मोजलं, मग बोगद्याच्या तोंडाशी, मग आत पन्नास पावलांवर, मग शंभरावर. भार गळण्याचा वेग कमी कमी होत गेला. म्हणजे किरण वरून येत होते. त्यापुढे दरड कोसळून वाट बंद झाली होती. मी आकडे पाठवले. प्राध्यापकांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की आणखी आत जा.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर गेलो. दरड काढायला कोणी येईना. मी चार दिवस एकटाच दगड ओढत बसलो. पाचव्या दिवशी सकाळी अण्णा पहार घेऊन आला, न बोलता कामाला लागला आणि तीन दिवसांत त्यानं माणूस जाईल एवढी वाट केली. निघताना मात्र बोलला. म्हणाला, तुझं बेगीन आटप आन् जा. दोन वर्षांत तो माझ्याशी एवढंच बोलला होता आणि मी आभारही मानले नाहीत.

या यंत्राचा एकच शत्रू होता, ओल. आत जरा जरी दमट हवा गेली तरी भार भलत्याच वाटेनं गळतो आणि मोजणं फुकट जातं. म्हणून डब्याच्या बुडाला आतून एक फिरकीची वाटी असे. तिच्यात पाणी शोषणारा क्षार भरायचा आणि सांधा मेणानं बंद करायचा. पण आमच्याकडचा पाऊस संपला तरी डोंगर पौषापर्यंत पाझरत राहतो. दरडीपलीकडचा बोगदा तर गळतच होता. क्षाराचं दोन दिवसांत पाणी व्हायचं. मुंबईहून नवा मागवला, तो आलाच नाही. आणि त्यातच मला हिवताप आला.

तीन आठवडे मी ओटीवर पडून होतो. त्यातलं मला थोडंच आठवतं. दात वाजत होते ते आठवतं, आणि कपाळावर कुणी तरी ओलं फडकं ठेवत होतं ते. ताप उतरला तेव्हा यंत्र कोपऱ्यात घोंगडीखाली झाकून ठेवलेलं होतं. मी भार देऊन पाहिला. धागे झकास ताणलेले राहिले. ओलीचं नाव नाही. मला वाटलं, तेवढ्यात कोरडा वारा सुटला असेल आणि आतलं आपोआप सुकलं असेल. वाटीच्या सांध्यावरचं मेण काळपट दिसत होतं. कंदिलाची काजळी बसली असेल असं मी धरून चाललो. मोजण्यांची मालिका चालू असताना डबा उघडायचा नाही हा नियम होताच.

मग मी बोगद्याच्या शेवटापर्यंत गेलो आणि तिथे चौदा वेळा मोजलं. वेग कमी व्हायला हवा होता. तो वाढला होता.

चौदाच्या चौदा वेळा वाढलेला. मी तिथेच एका दगडावर बसून ते आकडे पुन्हा पुन्हा तपासले. वरून येणारे किरण डोंगरानं अडवले होते, हे पहिल्या हिवाळ्यात दिसलंच होतं. मग हे काय? डोंगराच्या पोटात, सगळीकडून बंद असलेल्या जागी, कसला तरी पदार्थ होता. तो दिसत नव्हता, ज्ञात खनिजांत बसत नव्हता, आणि त्याच्यातून काही तरी येत होतं. मी निबंधात तेच लिहिलं. भाषा जपून वापरली होती, पण म्हणणं तेच होतं.

कुठल्याही शहाण्या माणसानं एक गोष्ट केली असती. यंत्र परत अंगणात आणून तिथे पुन्हा एकदा मोजलं असतं. एका सकाळचं काम होतं. मी ते केलं नाही. ताप होता, थकवा होता, गावकरी अंगणाबाहेर उभे राहून टोमणे मारायचे, ही सगळी कारणं मी पुढे स्वतःला दिली. खरं कारण असं की मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते बिघडवायची माझी इच्छा नव्हती.

प्राध्यापकांना हा प्रश्न सुचलाच. उघड्यावर परत मोजून खात्री केली का, असं त्यांनी पत्रात विचारलं. मी हो लिहिलं नाही आणि नाहीही लिहिलं नाही. यंत्राची स्थिती पूर्ण समाधानकारक होती, असं लिहिलं. असली वाक्यं लिहायला मी मुंबईत शिकलो होतो. निबंध परदेशातल्या पत्रिकेकडे गेला आणि चैत्रात छापल्याचं पत्र आलं. त्याबरोबर जर्मनीचंही जवळजवळ ठरल्याचं प्राध्यापकांनी कळवलं. पहिल्यांदाच त्यांनी पत्रात ‘जंगलवाले’ लिहिलं नव्हतं.

मी निघायची तयारी केली. यंत्र आगगाडीतून न्यायचं म्हणजे वाटी रिकामी करायला हवी, म्हणून दुपारी ओटीवर बसून सांधा खरवडायला घेतला. ते मेण नव्हतंच. राळ होती, रानातली. वाटी फिरवून काढली तर आत क्षार नव्हता. पातळ लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली राख होती. चाळलेली, मऊ, कोरडी ठणठणीत राख.

मी वैनीला हाक मारली. ती हात पुसत दारात आली. हे कोणी केलं म्हणून विचारलं, तर ती लगेच म्हणाली, “मीच की. तुमी तापात वरडत हुता, डब्यात पानी गेलं, पानी गेलं म्हणून. बी राखंत ठिवलं की वल लागत न्हाई. म्हणून घातली.”

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की क्षणभर मला कळेना. आमच्याकडे काकडीचं, दुधीचं, वालाचं बी राखेतच ठेवतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याला बुरशी लागत नाही. माझ्या डब्यातली अडचणही तिला तीच वाटली होती आणि तिचं काही चुकलं नव्हतं. राखेनं ओल खरोखरच शोषली होती. पण लाकडाच्या राखेत पालाशाचे, म्हणजे पोटॅशियमचे, क्षार असतात, आणि पालाशातून अगदी क्षीण का होईना किरण निघतात. हे माझ्या विषयात तेव्हा माहीत होतं. मी ते वाचलेलं होतं. बोगद्याच्या पोटात नवा पदार्थ नव्हता. मी तो स्वतःच डब्यात घालून पाठीवरून नेत होतो.

मी वैनीला जे बोललो ते लिहितो, कारण टाळलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. “तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुझ्या अडाणीपणानं माझा सगळा जन्म मातीत घातलास.” थोरल्या भावाच्या बायकोशी मी एकेरीत बोललो होतो. ती मागे सरकली. मग हळू आवाजात सांगायला लागली. तापाच्या सातव्या दिवशी पहिल्यांदा घातली. दर सोमवारी मी आंघोळीला ओढ्यावर गेलो की जुनी काढून नवी, एक मूठ मापून, घालायची. चुलीतली सरसकट राख नव्हे, नुसत्या ऐनाच्या लाकडाची, त्याच मडक्यातली. मडकं अजून अर्धं भरलेलं आहे, आणू का, असं तिनं विचारलं. म्हणजे तिच्याकडे तारीख होती, माप होतं, नमुना होता. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाकडे असायला हवं ते सगळं तिच्याकडे होतं. मी ओरडलो की घाल ते मडकं चुलीत.

अण्णा गोठ्यातून आला. त्यानं बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बिघडलं असंल तर बिघडलं म्हणून लिव,” तो म्हणाला. “माझ्या घरात बायकांवर वरडायचं न्हाई.”

संध्याकाळपर्यंत मी यंत्र अंगणात मांडून मोजलं. रिकाम्या वाटीनं पहिल्या हिवाळ्यातलाच आकडा आला. राखेची पुरचुंडी परत आत ठेवली, तर वेग वाढला. किती वाढला ते वहीत लिहून ठेवलं. तोवर माझं डोकं थोडं थंड झालं होतं आणि मला दिसत होतं की सगळं गेलेलं नाही. नव्या पदार्थाचा दावा गेला. पण राखेचा भाग वजा केला की बोगद्याच्या टोकाचे चौदाही आकडे खाली उतरत होते, पहिल्या हिवाळ्यातल्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसत होते. डोंगराच्या पोटात तितकं खोल त्या वेळी फार कोणी मोजलेलं नव्हतं. किरण वरूनच येतात, हे त्यातून चांगलं सिद्ध होत होतं. त्यासाठी फक्त खरं लिहायला हवं होतं. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत यंत्रात राख होती, ती माझ्या भावजयीनं घातली होती, ती का घातली होती, एवढंच.

मी ते पत्र लिहिलं. दोन पानांचं झालं. वाचून पाहिलं, तेव्हा चहाचं टेबल डोळ्यांपुढे आलं. जंगलवाल्यांच्या प्रयोगशाळेत चुलीतली राख, लुगड्याचा तुकडा आणि भावजय. ते हसणं मला ऐकू आलं आणि यावेळी त्यात हसायला मी नसणार होतो, हेही कळलं. मी पत्र फाडलं. दुसरं लिहिलं. यंत्राचं विद्युतरोधन सुरुवातीपासून सदोष होतं, दोन्ही हिवाळ्यांतली सर्व निरीक्षणं अविश्वसनीय आहेत, निबंध मागे घेत आहे. सदोष यंत्र कुणाचंही असू शकतं. त्यात लाज नाही.

सकाळी कॅसलरॉकला टपाल टाकायला निघालो तेव्हा वैनी उंबऱ्यावर उभी होती. रात्रभर ती झोपली नसावी. “भावजी,” ती म्हणाली, “मी घातली म्हणून लिवलंय न्हवं? माझंच लिवा. तुमचं नाव जायला नगं. मला तितं कोण वळखतंय?”

“व्हय वैनी,” मी म्हणालो. “लिहिलंय.”

मुंबईत प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. ते चिडतील अशी माझी तयारी होती. ते चिडले नव्हते, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला. पहिल्या हिवाळ्याचे आकडे त्यांच्यासमोर होते. म्हणाले, सदोष यंत्र इतके सुरेख उतरणारे आकडे देत नाही. मध्येच काही तरी झालेलं दिसतं. कधी झालं ते सांगा, तेवढ्याच दिवसांचे रद्द करू आणि बाकीचे राहू देऊ. त्यांनी दार उघडं धरलं होतं. मी म्हणालो, नाही, सुरुवातीपासूनच. एकदा खोटं लिहिल्यावर दुसऱ्यांदा ते सोपं जातं. त्यांनी कागद गोळा केले आणि कपाटात ठेवले. जर्मनीला दुसरा माणूस गेला.

काही वर्षांनी परदेशातल्या कुणी तरी खोल पाण्यात यंत्र बुडवून तेच मोजलं. त्याची वक्ररेषा आता पाठ्यपुस्तकात आहे. माझे पहिल्या हिवाळ्याचे आकडे तिच्यावर बसतात. बोगद्याच्या टोकाचे चौदाही, राखेचा भाग वजा करून, तिच्यावर बसतात. मी स्वतः बसवून पाहिलेत, एकदा नव्हे, अनेकदा. ज्याची ती रेषा आहे त्याचा मी बराच काळ द्वेष केला. त्या बिचाऱ्याला माझं गाव कुठे आहे हेही ठाऊक नसेल.

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा या वेळी मी गेलो. दिवसकार्य आटोपल्यावर शेजारची माणसं ओटीवर बसली होती. मी उतरलो की दारं लावून घेणारीच ही घरं. पण या वेळी त्यांनी मला सरकून जागा दिली, एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या चंचीतून पान काढून हातावर ठेवलं. मला त्याचं कारण कळेना आणि मी संशयानंच बघत होतो. तेवढ्यात वैनी चहा घेऊन बाहेर आली. माहेराकडची कुणी बाई मला ओळखत नव्हती, तिला ती माझी ओळख करून द्यायला लागली.

“ह्ये आमचं भावजी,” ती म्हणाली. “ह्येंच्या कामात माझ्या हातनं राख पडली, मोठ्या जागंवर जायचं हुतं ते ऱ्हायलं. पर ह्येंनी दडवलं न्हाई. सायबाला खरं हुतं तसंच लिवून कळवलं. आपलं नुकसान झालं तरी खोटं न्हाई लिवलं.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती हेच सांगत आली होती, अण्णालाही तिनं हेच सांगितलं असणार. वहीवाल्या माणसांवर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही त्यांनी माझ्यावर ठेवला होता, आणि तो या एका गोष्टीसाठी.

मी चहा घेतला. लोक गेल्यावर वैनीला गाठून सांगायचं ठरवलं. ती एकटी सापडली नाही असं नाही, अनेकदा सापडली, तांदूळ निवडत बसलेली, पाणी तापवत बसलेली. मी तिच्यासमोर जाऊन बसायचो, आणि ती विचारायची, भावजी, आनी काय पायजे? तिला खरं सांगायला मी तिथे तीन दिवस राहिलो. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आलो.